डावा कौल

भोरच्या कॉलेजात गुरव सर पदार्थविज्ञान शिकवायचे ते अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठीत. पण घाबरले की थेट आपल्या गावच्या, भाटघरच्या बोलीत यायचे. परदेशात कणांवर कण आदळवणाऱ्या प्रचंड यंत्रातून हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानाचं नवं मोजमाप जाहीर व्हायचं असलं, की स्टाफरूममध्ये त्यांच्या येरझाऱ्या सुरू. "आज आकडा यायचाय पोरी. म्या सकाळधरनं च्या बी घेतला न्हाई." आम्ही विद्यार्थी तोंड फिरवून हसायचो.

मी पाली गावची, त्यांची पीएचडीची शेवटची विद्यार्थिनी. आमचा विषय सुपरसिमेट्री. प्रत्येक मूलकणाला अजून न दिसलेला एक जोडीदार असतो, असं मानणारा हा सिद्धांत. आईला तो सांगितला तर म्हणाली, "सोताचा जोडीदार बघायचा सोडून कणांचे कसले बघतीस?"

सिद्धांत साध्या रूपात खरा असता, तर हिग्ज चांगलाच हलका निघायला हवा होता. तो निघाला जड. अशक्य म्हणावं इतका नाही, पण अडचणीत आणण्याइतका. तेवढं वस्तुमान जुळवायचं तर जोडीदार कण फार जड मानावे लागतात. आणि ते जड मानले, की आकडे जुळवण्याची जी ओढाताण टाळण्यासाठी सिद्धांत जन्माला आला, तीच करावी लागते. यंत्रात जोडीदार दिसेनात, तसे आम्ही त्यांना आणखी जड ठरवत गेलो. "या यंत्रात नाही तर पुढच्या यंत्रात सापडतील, सर," मी एकदा सहज म्हणाले.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"आमचा बाप देवाला कौल लावायचा," ते म्हणाले. "मूर्तीला दोनी अंगाला फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाई. माजी धाकटी बहीण तापानं फणफणली. बापानं इचारलं, अमुशेपत्तुर बरी व्हईल का? डावं पडलं. मग पुनवेपत्तुर? डावंच. उजवं पडंस्तवर प्रश्न बदलत ऱ्हायला. दवाखान्यात कुणी न्हेलंच न्हाई. पोर गेली."

मग खिडकीकडे वळून म्हणाले, "म्या बी त्येच करतुया. चुकल्याचं काय न्हाई, मानूस चुकतोच. पर डावं पडलं तरी मला दिसंना, ह्येचं लई भ्या वाटतं. आन् तुला बी शेजारी बसवलंय."

उमेदीची सगळी वर्षं मी त्या प्रबंधात घातली होती. त्याच आठवड्यात सरांनी मला विषय बदलायला लावला. स्वतः मात्र सोडला नाही. दुसऱ्याला शहाणपण सांगणं सोपं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

पुढे त्यांना हृदयविकार जडला. पुण्याच्या दवाखान्यात ऑपरेशनला नेण्याआधी त्यांनी मला जवळ बोलावलं. "कायतरी गावलं का गं?" त्यांनी माझा हात धरला. त्यांचं मन शांत ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ‘पुढच्या यंत्रात नक्की’ हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते.

"नाही सर. काहीच नाही."

त्यांनी डोळे मिटले. "बास. आता पुन्यांदा इचारायचं न्हाई," म्हणाले आणि माझा हात सोडून दिला.

ऑपरेशनमधून सर परत आले नाहीत. आई म्हणते, "खरं तेच बोललीस, मग जीवाला कशाला घोर लावून घेतीस?" पण माझ्या त्या ‘नाही’ने त्यांच्या काळजाने हाय खाल्ली का, हे मी डॉक्टरांना आजवर विचारलेलं नाही. मला विचारायचीच भीती वाटते.