लग्नाच्या फोटोत नवरा नाही

माझ्या लग्नाचे बारा फोटो आहेत आणि त्यातल्या एकाही फोटोत मी नाही. हे ऐकलं की लोक आधी हसतात, मग माझ्या बायकोकडं जरा दयेनं बघतात. ती शांतपणे सांगते, "लग्नाला आले होते हो ते. समोरच उभे होते."

कॅमेरा नांदेडच्या मामांचा. मामा रेल्वेत होते. त्यांना फोटोचा कंटाळा आला आणि ते कबुतरं पाळायला लागले, तेव्हा तो काळा डबा माझ्या गळ्यात पडला. तो पोटाशी धरायचा आणि वरच्या काचेत डोकं घालून बघायचं. मामांनीच मला न्हाणीत लाल बल्ब लावून फोटो छापायला शिकवलं. कागद औषधात टाकला की चित्र वर येतं, हायपोत टाकला की ते पक्कं होतं, आणि शेवटी तो हायपो निघून जाईपर्यंत फोटो साध्या पाण्यात धुवायचा. धुवायचा म्हणजे धुतच राहायचा. "इथं आळस केलास तर फोटो पिवळा पडतोय बघ," मामा म्हणायचे. त्यांना बोलायला काय जातंय, दाराशी गोदावरी होती.

पण कोऱ्या कागदावर पहिल्यांदा चेहरा वर येताना बघितला आणि मी कामातून गेलो. तेव्हापासून माझे डोळे माणसांकडं बघायचे ते चौकोनातूनच. कुणी रडत असलं तर उजेड कुठून येतोय हे आधी दिसायचं. घरातली मंडळी म्हणायची, पोराला बाहेरचं काही लागलंय. लागलंच होतं.

आता लग्न माझं होतं हे खरं, पण कॅमेराही माझाच होता. तो दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला मी तयार नव्हतो. उदगीरजवळच्या तिच्या गावात मांडव पडला होता, नवरी पांढऱ्या साडीत उभी, आमच्यात नवरीची साडी पांढरीच असते, आणि तिच्यावर मांडवाच्या फटीतून असला काही उजेड पडला होता की काय सांगू! मी डबा पोटाशी धरून मान खाली घातली. बायकांना वाटलं, नवरा लई लाजाळू हाय. लग्न लावणारे गुरुजी म्हणाले, "वरानं कॅमेरा खाली ठेवावा." मी म्हणालो, "एकच, गुरुजी." असे बारा झाले. ती हार घालायला पुढं आली तोही मी सोडला नाही. त्या फोटोत ती दोन्ही हातांनी हार उचलून सरळ कॅमेऱ्यालाच घालतेय.

परतीच्या एसटीत तिनं मला पहिला प्रश्न विचारला तो हाच. "आपल्या दोघांचा एकबी न्हाई?"

"काढू की," मी म्हणालो. "घाई काय हाय?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. काय गाढव होतो मी! पण तिचा चेहरा काचेत छान दिसत होता, त्यामुळं माझं तिकडंच लक्ष होतं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. आधी बारीकसारीक कागदासाठी उस्मानाबादला धावावं लागायचं, आता सगळ्या कचेऱ्या इथंच आल्या, आणि कचेऱ्यांच्या मागं आमच्यासारखे कारकून आले. गावात खोली मिळेना. मिळाली तरी आडनाव ऐकून "कालच गेली की" म्हणणारे भेटायचे. त्यात पावसानं पाठ फिरवलेली. मी टंचाईच्या टेबलावर होतो. दिवसभर कुठल्या गावाला टँकर गेला ते लिहायचं आणि घरी येऊन तांब्याभर पाण्यात हातपाय धुवायचे.

अशात आम्हाला अक्कांची खोली मिळाली. अक्का घरमालकीण, निलंग्याकडच्या, आवाज पोलिसाचा. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. "पाणी किती लागतंय?" एवढंच विचारलं. "अगदी थोडं," मी म्हणालो. अंगणात त्यांचा आड होता, आडावर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप आणि किल्ली अक्कांच्या कमरेला. सकाळी त्या स्वतः कुलूप काढायच्या, प्रत्येक बिऱ्हाडाला दोन घागरी द्यायच्या आणि पुन्हा कुलूप.

दुष्काळाला सगळे शिव्या देतात, पण मला त्यानं एक गोष्ट दिली. अंघोळी बंद झाल्या आणि न्हाणी रिकामी झाली. मी खिडकीला गोधडी ठोकली, लाल बल्ब लावला आणि पिठाची परात औषधासाठी उचलली. परातीवरून जे महाभारत झालं ते इथं सांगत नाही. शेवटी ती परात माझ्याकडंच राहिली आणि बायको ताटात पीठ मळायला लागली. तिनं एकच अट घातली. "दोन घागरीतली एक बादली तुमची. त्याच्यावर थेंब न्हाई. आणि ते पाणी मला फरशी पुसायला परत पायजे."

मग काय करता? लग्नाचे बाराही फोटो एकाच बादलीत बुचकळून काढले. मामांची आठवण आली, पण मामा नांदेडला होते.

फोटो वाळायला मी अंगणातल्या दोरीवर चिमटे लावून टांगले आणि खुशाल कचेरीत गेलो. संध्याकाळी आलो तर अक्का दोरीखाली उभ्या, कमरेवर हात.

"हे काय हाय?"

"आमच्या लग्नाचे फोटो, अक्का. कसे आलेत?"

"लग्नाचे?" अक्का दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. "पांढरं लुगडं. कपाळ मोकळं. एकटीच उभी. सगळ्या फोटोत एकटी. आणि हे बघ," त्यांनी हाराच्या फोटोवर बोट ठेवलं, "ही हार कुणाला घालायलीय? फोटोला घालायलीय! अय्यो, मेलाय हिचा नवरा! कुणाची विधवा बाई पळवून आणलास रे तू?"

मी हसलो, आणि तेच चुकलं. अक्कांच्या आधीच्या भाडेकरू जोडप्यानंही असंच हसत सांगितलं होतं की आमचं लग्न झालंय. नंतर पोरीचे भाऊ काठ्या घेऊन आले आणि अक्कांचं दार फोडून गेले. दाराला मारलेली फळी अजून नवी होती. मी सांगायला लागलो, की आमच्यात नवरी पांढरं नेसते, की तो हार मलाच घातलाय, की मी कॅमेऱ्याच्या मागं आहे. जितकं सांगावं तितका मी चोर दिसायला लागलो.

"स्वतःच्या लग्नात नवरा फोटो काढत बसतो? मला काय दूधखुळी समजलास?" अक्का म्हणाल्या. "दोघांचा एक फोटो दाव. न्हाई तर अमावस्येच्या आत खोली रिकामी कर."

घरात गेलो. बायकोनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती रडत असेल. ती भाकरी थापत होती, आणि एरवीपेक्षा फार जोरात थापत होती.

"जिवंत नवरा असून विधवा झाले मी," ती म्हणाली. "तुमच्या हौसेपायी. त्या बाईचं काय चुकलं? तिला जे दिसलं ते ती बोलली. एसटीतच म्हणले होते मी, दोघांचा एक काढा. तुमच्या हातात तो डबा असला की तुम्ही कुठंच नसता. मांडवात नव्हता, इथंबी नसता. आता खोली गेली तर जायचं कुठं? ह्या गावात कोण देणार हाय आपल्याला?"

मी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या बारक्या लाल खिडकीतला आकडा बघितला. लग्नानंतर घातलेला रोलही संपत आला होता, एकच फोटो उरला होता. आणि नवा रोल आणायला नांदेड गाठावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अंगणात सगळी बिऱ्हाडं जमली, जणू काही पुन्हा लग्नच आहे. बटण दाबायला माणूस हवा होता, आणि अक्का म्हणाल्या, "मीच दाबते. दुसऱ्या कुणी दाबलं तर तू काय बी खोटं करशील." एवढ्यात बायको तीच पांढरी साडी नेसून बाहेर आली.

"अगं, रंगीत नेस की गं," अक्का म्हणाल्या.

"माझ्या लग्नाचं लुगडं पांढरंच हाय, अक्का," बायको म्हणाली. अक्कांनी तिच्याकडं नीट बघितलं आणि डबा घ्यायला हात पुढं केला.

मग मी अक्कांना शिकवायला लागलो. "डबा पोटाशी धरा. वरून बघा. ऊन पाठीमागं घ्या. हलू नका. श्वास रोखा." बायकोजवळ जाऊन उभा राहिलो, तर अक्कांचं बोट भिंगावर. पळत गेलो, बोट काढलं, परत आलो. तर डबा तिरका. परत पळालो. एकच तर फोटो उरलेला, माझा जीव टांगणीला! तिसऱ्यांदा मी निघालो आणि बायकोनं माझा दंड धरला. धरला म्हणजे काय, करकचून आवळला आणि मला मागं ओढलं. "आता जर इथून हललात ना," ती माझ्याकडं डोळे वटारून म्हणाली, "तर मीच जाते उदगीरला!"

खट्.

"दाबलं," अक्का म्हणाल्या.

मी डोक्याला हात लावला. गेला फोटो!

रोल धुऊन वाळवला. अक्का पाठ सोडीनात, निगेटिव्ह उजेडाला धरून म्हणाल्या, "आता काळं लुगडं नेसवलास आणि पोरीचे केस पांढरे केलास. हे कसलं रे सोंग?" तेव्हा मी म्हणालो, चला, आत येऊन तुम्हीच बघा. भरदुपारी गोधडीआड न्हाणीत आम्ही तिघं दाटीवाटीनं उभे राहिलो. मी कागदावर उजेड दिला आणि कागद परातीत सोडला. लाल अंधारात तो कोराच दिसत होता. अक्का तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या. मग हळूहळू पहिल्यांदा साडीची किनार आली, मग तिचे केस, मग दोन मोठे डोळे.

"अय्यो! आली गं बाई," अक्का माझा खांदा धरून म्हणाल्या.

तिच्या मागोमाग मी आलो. तोंड उघडं, एक पाय उचललेला, पळायच्या बेतात. माझ्या दंडावर तिची पाची बोटं रुतलेली आणि ती माझ्याकडं अशी बघतेय की आता खाते का गिळते! नवरा-बायकोचा फोटो म्हणून हा दाखवायचा? कुणीही म्हणेल, चोर पकडलाय.

अक्का परातीवर आणखी वाकल्या.

"नवराच हाय," त्या म्हणाल्या.

"काय?" मी विचारलं.

"नवराच हाय तुझा, पोरी. परक्या माणसाकडं बाई असं रागानं बघत न्हाई. आणि परक्याला असं धरत बी न्हाई." त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मी बी आमच्या मालकाला असंच धरायची. लई पळायचा. फोटो मात्र एक बी न्हाई."

बायकोला रडू फुटलं. इतके दिवस रोखून धरलेलं सगळं त्या न्हाणीत बाहेर पडलं. मलाही भरून आलं, आणि खरं सांगतो, त्या वेळी उजेड कुठून येतोय हे मी बघितलं नाही.

मी फोटो हायपोतून काढून बादलीत टाकायला लागलो तेव्हा अक्कांनी विचारलं, आता काय राहिलं? मी म्हणालो, धुणं राहिलं, पण पाणी पुरणार नाही, आणि नीट नाही धुतला तर पुढं पिवळा पडतो. अक्कांनी कमरेची किल्ली काढली. भरदुपारी, सगळ्या बिऱ्हाडांच्या डोळ्यांदेखत, त्यांनी आडाचं कुलूप काढलं आणि स्वतः रहाटाला हात घातला. "धू," त्या म्हणाल्या. "किती धुवायचाय तेवढा धू." आम्ही फोटो धुतला. खालचं पाणी तीन बिऱ्हाडांनी फरशीला नेलं. खोलीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मामा बोलले तसंच झालं. लग्नाचे ते बारा फोटो आधी पिवळे पडले, मग चहासारखे झाले, आणि आता तर तिचा चेहराही ओळखू येत नाही. त्यांची निगेटिव्हही त्याच बादलीतली, तीही गेली. अक्कांनी काढलेला फोटो मात्र आमच्या भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली आहे, अजून लख्ख काळा-पांढरा. येणारा-जाणारा विचारतो, वहिनी एवढ्या का चिडल्यात?

परवा मी तो जुना अल्बम काढून बसलो होतो. मांडवातला तो उजेड, तो हार, सगळं धुऊन निघाल्यासारखं. मला खरंच वाईट वाटत होतं. "कसली सुंदर दिसत होतीस गं," मी म्हणालो. "काही राहिलं नाही बघ."

तिनं माझ्या हातातून अल्बम घेतला आणि मिटला.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "त्यात मी एकटीच होते."