काकांची टोपी बोटीवर जाते

तुम्ही आजवर किती माणसांना त्यांच्या कपड्यांकडे बघून दारातूनच परत पाठवलं आहे? तोंडाने नसेल, नजरेने तरी? तुमचा आकडा कितीही मोठा असो, माझ्या मावशीच्या यजमानांपुढे, म्हणजे आमच्या काकांपुढे, तो किरकोळ ठरेल. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून कपड्यांवरून इतकी माणसं माघारी फिरवणारा दुसरा इसम झालेला नाही. ही मी त्यांची निंदा करत नाही. ते स्वतःच हे कौतुकाने सांगतात.

पिंपळवंडीत त्यांचं बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान आहे. दुकानात येणारा माणूस काय मागतो हे ते नंतर ऐकतात, आधी त्याला वरपासून खालपर्यंत वाचून घेतात. पांढरे बूट घालून फवारणीचं औषध मागणाऱ्या तरुणाला त्यांनी एकदा सरळ सांगितलं, "भाऊ, ह्या बुटानं तू फवारनार न्हाईस. जो फवारनार हाय त्याला धाड, त्याला समजून सांगतो." स्वतःच्या मुलाच्या लग्नात, मुलाचा पुण्याचा मित्र गुडघ्यावर फाटलेली जीन्स घालून आला, तेव्हा काकांनी मांडवाच्या दारातच त्याच्या हातात सुईदोरा ठेवला. "पावणं, लागलं न्हाई ना कुठं? शिवून घ्या आनि पंगतीला बसा." तो बिचारा फॅशन समजावून सांगू लागला, तर काकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला एक लेंगा आणून दिला. ओझरला विघ्नहराच्या रांगेत अर्ध्या चड्डीतला एक गृहस्थ पुढे उभा होता, तर काका घरच्या सगळ्यांना घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. "देवाला बघायचं का ह्याच्या पोटऱ्या बघायच्या?" एवढंच त्यांचं म्हणणं.

स्वतःबाबतही ते ढिले नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. पांढरा सदरा, पांढरा लेंगा आणि टोपी. टोप्या तीन जातीच्या. दुकानातली, बाजारातली आणि लग्नातली. एकीच्या जागी दुसरी गेली तर ते अर्ध्या रस्त्यातून परत येतात. अंघोळ आणि झोप सोडली तर त्यांचं डोकं उघडं दिसत नाही. त्यांच्या लेखी उघडं डोकं म्हणजे घरात कुणीतरी गेलेलं. सुतक सुटताना सोयऱ्यांनी नवी टोपी घातली की मगच माणूस पुन्हा माणसांत आला. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून असंच मानतात, आणि एखादा टोपीवाला उघड्या डोक्याने दिसला की आधी हळू आवाजात विचारतात, "कोन गेलं, राव?"

बायकांसाठी मात्र त्यांनी कधी काही सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही. सून शाळेत शिकवायला जाते, ती पंजाबी ड्रेस घालते, त्याला त्यांची हरकत नाही आणि या उदारपणाचा ते चारचौघांत उल्लेखही करतात. पण मावशीच्या वयाच्या बाईने साडी नेसायची आणि डोक्यावर पदर घ्यायचा, हे इतकं गृहीत होतं की तो नियम आहे हेच कुणाच्या लक्षात येत नव्हतं. भिंतीवर लिहिलेला नियम पुसता तरी येतो. हा कुठे लिहिलेलाच नव्हता.

मावशीच्या गुडघ्यांनी दोनेक वर्षांपासून असहकार पुकारला आहे. जिना चढताना एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने निऱ्या, आणि पदर सावरायला तिसरा हात नाही. एकदा ती निऱ्यांत पाय अडकून पायऱ्यांवर बसकण मारून पडली. तेव्हापासून तिच्या मनात एकच गोष्ट होती. पंजाबी ड्रेस घालून एकदा, फक्त एकदा, मोकळं चालून बघायचं. सुनेने मापं घेतली, जांभळ्या रंगाचं बारीक फुलांचं कापड आणलं, ड्रेस शिवून घेतला, आणि तो कपाटात साड्यांच्या खाली जाऊन बसला. घालणार कुठे? गल्लीत? शेतात? दुकानासमोर?

अशात एका बियाणं कंपनीने आपल्या चांगल्या विक्रेत्यांना मुंबईहून गोव्यापर्यंत आणि परत अशी चार दिवसांची बोटीची सहल जाहीर केली. बोट म्हणजे तरंगतं हॉटेलच. तीन माणसांना जागा होती. मुलाचा टोमॅटोचा तोडा चालू होता, म्हणून तिसरी मी गेले. "तुला इंग्रजी येतं आनि भांडता येतं, दोन्ही लागंल," काका म्हणाले. मावशीने पिशवी भरली. वर चिवडा, त्याखाली साड्या, आणि सगळ्यात खाली तो जांभळा ड्रेस. मला तिने डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. बोटीवर गावातलं कोण असणार होतं? फक्त यजमान.

निघण्याआधी कंपनीच्या माणसाने मोबाइलवर कपड्यांचे नियम पाठवले. दिवसा कॅज्युअल, संध्याकाळी मोठ्या जेवणघरात फॉर्मल. तिथे अर्धी चड्डी नको, स्लिपर नको, डोक्यावर कॅप नको. मी वाचून दाखवले तेव्हा काका इतके खूश झाले की त्यांनी ते पुन्हा वाचायला लावले. अर्धी चड्डी नको हे ऐकून तर त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघ. समुद्रात गेली तरी मानसं रीत सोडत न्हाईत. आपल्या गावात सांगाया जावं तर म्हातारं येडं झालं म्हनत्यात." कॅपचा नियम पोरांच्या उलट्या टोप्यांसाठी आहे असं त्यांनी ठरवलं आणि तोही त्यांना मनापासून पटला. बोटीवर चढल्यावर सगळ्यांना नारिंगी जाकिटं घालून बुडण्याची तालीम झाली, तेव्हा शेकडो माणसं एका रंगात उभी राहिलेली बघून ते म्हणाले, "हे असं पायजे." त्यांना वाटलं जाकीट चारही दिवस घालायचं आहे.

संध्याकाळी त्यांनी लग्नातली टोपी घातली. सदऱ्यावर काळं जाकीट चढवलं, मावशीने हिरवी पैठणी नेसली, आणि आम्ही मोठ्या जेवणघराच्या दारात उभे राहिलो. आत झुंबरं होती, पांढरे टेबलक्लॉथ होते. गावाकडे आधी पुरुष जेवतात, बायका मागून. नवऱ्याच्या समोरासमोर खुर्चीवर बसून जेवण्याची ही मावशीची पहिलीच वेळ ठरणार होती. दारातल्या काळ्या कोटातल्या पोऱ्याने हात जोडले, हसला आणि म्हणाला, "सर, कॅप उतार दीजिए, प्लीज."

काकांना आधी वाटलं तो मागच्या कुणाला सांगतोय. त्यांनी मागे वळून त्या काल्पनिक मुलाकडे रागाने पाहिलंसुद्धा. मग उलगडा झाल्यावर त्यांनी शांतपणे समजावलं, "भाऊ, घरात कुनी गेलं तर उतरवतो आमी. मपली मंडळी ही काय हितं हुबी हाय, चांगली जिती-जागती."

मी हे हिंदीत सांगितलं. त्याने मावशीकडे पाहिलं, तिच्या जिवंत असण्याबद्दल आनंदही दाखवला, आणि वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठ म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा, वरच्या डेकवर मात्र काहीही चालतं, तिथे जेवणही छान असतं. माझ्या अंगात वारं भरलं. शेतकऱ्याचा पोशाख, त्याचा स्वाभिमान, परक्यांच्या रिवाजांवर आपल्याच समुद्रात चालणारी ही बोट, असं मी नुकतं कुठे सुरू केलं होतं, तेवढ्यात काकांनी माझा दंड धरला.

"पोरी, भाषान घरी कर. मागं लोकं भुकेली हुबी हायत."

"काका, हा अपमान आहे!"

"नियम हाय. त्याचं बराबर हाय. मपलंबी बराबर हाय. मंग जेवान वर."

 मावशीने आतल्या एका रिकाम्या टेबलाकडे एकदा पाहून घेतलं आणि निऱ्या उचलून जिना चढायला लागली.

वरचा डेक म्हणजे पोहण्याच्या तलावाभोवतीची खानावळ. बोटीवरच्या सगळ्या अर्ध्या चड्ड्या तिथे जमा झाल्या होत्या. आयुष्यभर पोटऱ्यांशी वैर केलेला माणूस, कडक इस्त्रीची टोपी आणि लग्नातलं जाकीट घालून, पोटऱ्यांच्या मधोमध ताट घेऊन बसला. लोणी गावचे एक दुकानदार आमच्याच सहलीत होते. नारळाच्या झाडांची चित्रं असलेली चड्डी घालून ते खुर्ची ओढत आले.

"बसा, काका, निवांत बसा. हितं टोपी चालती. हितं काय पन चालतं."

"ते दिसतंयच."

"घ्या की तुमीबी एक चड्डी. खाली दुकानात हायत. लई हवेशीर!"

"मपल्या पायांस्नी सवय न्हाई. लाजून चालायचे बंद व्हतील."

समुद्रावरचा वारा जोरात होता. मावशीचा पदर डोक्यावर ठरेना. एका हाताने तो धरून ती दुसऱ्या हाताने रोटी तोडू बघत होती, आणि रोटी ताटातल्या ताटात फिरत होती. काका पहिला घास घेतल्यापासून पुटपुटत होते. खालच्या माणसाच्या तोंडावर त्यांनी नियम मानला होता, पण मनात तो उतरत नव्हता.

"मी काय म्हनतो," शेवटी ते मोठ्याने म्हणाले, "मानसानं डोक्यावर काय ठेवावं आनि काय न्हाई, हे दुसऱ्या कुनी का सांगावं?"

"तेच म्हनते मी," मावशी म्हणाली.

पदर धरलेला तिचा हात तसाच होता. लोणीवाल्यांना काही कळलं नाही, ते गुलाबजाम आणायला गेले. मी ताटात पाहत राहिले. काका पाणी प्यायले, मग पुन्हा प्यायले. त्यानंतर त्यांनी मावशीच्या ताटातली रोटी उचलली, तिचे चार तुकडे केले, आणि परत ठेवली.

सकाळी मावशी साडीच्या घड्या उलगडत होती, तेव्हा खोलीच्या गोल खिडकीतून बाहेर बघत काका म्हणाले, "त्या पिशवीत तळाला जे हाय ते घाल. उगं सुरकुत्या पडत्यात त्याला."

मावशीने साडी खाली ठेवली. "तुमाला कसं ठाव?"

"मुंबईच्या आदीच चिवडा हुडकत व्हतो."

"मंग बोलला न्हाई ते?"

"तू बोललीस का?"

ती तयार होईपर्यंत ते बाहेर उभे राहिले, आणि मग आमच्या पुढे जाऊन डेक बघून आले. आमच्याकडे बायका उसाच्या कडेने शेतात जाण्याआधी घरातला एखादा माणूस पुढे जातो, बिबट्या नाही ना बघतो, आणि मग आवाज देतो. अगदी तसेच ते जिन्याच्या वर उभे राहून म्हणाले, "या. लोणीवालं अजून घोरतंय." मावशी जिना चढली. एक हात कठड्यावर होता आणि दुसऱ्याला काही कामच नव्हतं. तो हात कुठे ठेवावा हे तिला कळेना. वर पोहोचल्यावर तिने दोन्ही हात कठड्यावर टेकले आणि वारा केसांतून जाऊ दिला. केस किती पांढरे झाले आहेत हे मला तेव्हा दिसलं. काका दोन हात अंतरावर उभे होते. समुद्राकडे पाठ आणि लोकांकडे तोंड. कुणी बघतंय का, यावर त्यांची नजर होती. कुणीही बघत नव्हतं. लोणीवाले चहाचा कप घेऊन आलेच, "वयनी, डुलतीया का बोट?" एवढं विचारून पुढे गेले. काकांनी इतका मोठा श्वास सोडला की मला हसू आवरेना.

मोठ्या जेवणघरात आम्ही शेवटपर्यंत गेलो नाही. टोपी उतरली नाही. पण वरच्या डेकवर ती दोघं रोज समोरासमोर बसून जेवली, आणि मावशीच्या रोट्या तिनेच तोडल्या. मुंबई दिसू लागली तेव्हा कुणी काही न सांगता ती खोलीत गेली आणि साडी नेसून आली. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलली.

गावी आल्यावर ड्रेस पुन्हा कपाटात गेला. मागच्या महिन्यात एका दुपारी, दुकानात गर्दी नसताना, मावशी तो घालून काकांचा डबा घेऊन आली. दुकानात एकच गिऱ्हाईक होतं, ओळखीचं, मनाने चांगलं. तो हसून म्हणाला, "काय काकू, आज कॉलेजला का?" मावशीही हसली. डबा ठेवून घरी गेली, आणि त्यानंतर तिने तो घातलेला नाही. काकांनी त्या गिऱ्हाइकाला पुडी दिली, सुटे पैसे दिले आणि विचारलं, "भाऊ, तू बियानं घ्यायला आलता का कापड?" तो ओशाळला. पण बोललेलं परत घेता येत नाही.

मग काका माझ्याकडे आले. लग्नातली टोपी घालून आले होते, म्हणजे काम मोठं होतं. म्हणाले, "तू लोकांसाठी पत्रकं लिव्हतीस. एक मपलं लिही. नाव घालू नको." काय लिहू, असं मी विचारलं. ते म्हणाले, "ती आता हासत हासत म्हनती, ऱ्हाऊ द्या, कपाटात बरं हाय. पन जिना चढताना मी बघतो ना."

म्हणून हे लिहिलं. पिंपळवंडीच्या बाजूला कधी आलात, आणि बियाण्याच्या एखाद्या दुकानात जांभळ्या ड्रेसमधली वयस्कर बाई दिसली, तर मेहरबानी करून काही बोलू नका. चेष्टा तर नकोच, छान दिसतं असंही म्हणू नका. कोणतं बी हवं ते सांगा, पुडी घ्या आणि आपल्या वाटेने जा.