उजव्या हाताच्या फेऱ्या

आमचा जिल्हा नवीन झाला त्या वर्षी पाऊस नव्हता. लातूरच्या मैदानावरची माती दगडासारखी झाली होती. नव्या जिल्ह्याचा पहिला संघ राज्य स्पर्धेला जायचा होता. पंधराशे मीटरला दोनच जागा, आणि पळणारे आम्ही तिघं मित्र.

मला त्यातली एक हवी होती. संघातल्या मुलांना कॉलेज वसतिगृहात ठेवून घेणार होतं, जेवणासकट. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आई-वडील निलंग्याकडे रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. वडील म्हणाले होते, "संघात आलास तर शीक. न्हाई तर कामावर ये, मग बघू." 'मग बघू'चा अर्थ मला कळत होता.

आम्ही सकाळी उजाडताच पळायचो. चारशे मीटर जोरात, दीड मिनिट थांबायचं, पुन्हा चारशे. असे सहा. घड्याळ एकाच्याच मनगटावर होतं. तो किराणा दुकानदाराचा मुलगा, आमच्यात सगळ्यात वेगवान. दुसरा उदगीरकडचा, माझ्याच भाड्याच्या खोलीत राहणारा. तो कायम माझ्या दोन पावलं मागे असायचा. मी त्याला कधी चिडवलं नाही. पण तो मागे आहे याचा मला आधार वाटायचा. हे लिहायला बरं वाटत नाही.

निवडीला सहा दिवस उरले तेव्हा खेळाचे सर पहिल्यांदाच आमचा सराव बघायला आले. एक फेरी बघितली आणि ओरडले, "अरे, मारुतीला प्रदक्षिणा घालून राहिले का?"

आम्हाला काही समजेना.

"डावा हात आत पाहिजे रे! सगळं जग तसंच पळतं."

दोन महिने आम्ही उजवा हात आत ठेवून पळत होतो. फक्कीच्या रेषा आम्हीच आखल्या होत्या. कोणत्या बाजूने पळायचं हे कुणी विचारलंच नाही. खोलीवाल्या मित्राच्या गावी विहारात, माझ्या गावी देवळात, गोल फिरायचं ते उजव्या हातानंच. तिघांच्याही पायांना तेच माहीत.

दुसऱ्या दिवसापासून उलटं सुरू झालं. वळण आलं की माझं अंग बाहेर फेकलं जायचं. डावा घोटा दुखायला लागला. घड्याळवाल्याला फारसा फरक पडला नाही. खोलीवाला मात्र तिसऱ्या दिवशी चौथ्या फेरीत माझ्या पुढे गेला.

"काय बे, दमलास का?" थांबल्यावर त्यानं विचारलं.

"न्हाई. घोटा."

"लई बहाणे शिकलास लातुरात येऊन."

मी हसलो. त्या रात्री त्याला लगेच झोप लागली, मला लागली नाही.

निवडीच्या दिवशी घड्याळवाला सुरुवातीपासूनच पुढे होता. त्याला गाठणं आमच्या हातात नव्हतं. शेवटच्या फेरीपर्यंत मी दुसरा होतो. तोंडात धूळ. शेवटच्या वळणावर खोलीवाला बाहेरून वर यायला लागला. त्याच क्षणी माझं अंग उजवीकडे गेलं. माझं कोपर त्याच्या छातीला लागलं, तो पार कडेच्या फुफाट्यात गेला. पुन्हा रेषेत येईपर्यंत मी पुढे निघून गेलो होतो.

सरांनी पहिली दोन नावं लिहिली. दुसरं माझं होतं.

तो खाली बसून हाफत होता. मी जवळ गेलो.

"लागलं का?"

"लागलं की. म्हशीसारखा आडवा आलास." तो हसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सवयीनंच गेलास ना बाहेर?"

"हाव," मी म्हणालो.

"मग जाऊ दे."

त्या वळणावर त्याची पावलं मला उजव्या कानाशी स्पष्ट ऐकू येत होती, हे मी त्याला सांगितलं नाही.