दाजींनी जोडलेला कॉम्प्युटर

मखमलाबादच्या मोतीराम विधात्यांची फुलांची पाटी बाजारात उतरली की गिऱ्हाईक तिच्यात हात घालत नसे. गरजच पडायची नाही. मोतीरामअण्णा आधी खाली पोतं अंथरायचे आणि पाटी त्याच्यावर सरळ पालथी करायचे. "घ्या, आधी तळाचा माल बघा. वरचा तर कुणाचाबी चांगलाच असतो." बाकीचे लोक वर टपोरा झेंडू लावत आणि खाली दबलेला, काळा पडलेला चेपत. अण्णांच्या पाटीत एखादं काळं फूल निघालंच, तर ते भाव खाली करायचे, नाहीतर पाटी उचलून घरी आणायचे. अशा बापाच्या पोटी सोमा जन्मला. म्हणजे फसवणूक ओळखायचं बाळकडू त्याला घरातच मिळालेलं. तरी बघा, काय व्हायचं ते झालंच.

गोष्ट दोन हजार चार सालची. सोमा तेव्हा एकवीस वर्षांचा. बारावी झालेला, सकाळी फुलं तोडायची, अण्णांबरोबर बाजार करायचा आणि मग सायकल मारत कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत जायचं. तिथे पाच विरुद्ध पाच असा गोळीबाराचा एक खेळ चालायचा. पोरं त्याच्यापायी जेवण विसरायची. सोमाला शाळेत कधी कुणी शाबासकी दिली नाही, पण या खेळात त्याचा हात असा चालायचा की मागे बघ्यांची गर्दी व्हायची. झेंडू खुडणाऱ्याची बोटं ती, देठ कुठे मोडायचा ते बघावं लागत नाही. पंचवटीतला आल्हाद इंजिनिअरिंगला होता, चांगला भटजींच्या घरातला पोरगा. त्याने पाच जणांची टीम बांधली आणि सोमाला पहिल्या दिवशीच त्यात घेतलं.

पावसाळ्याच्या तोंडाला बातमी आली, डिसेंबरात गंगापूर रोडच्या एका मंगल कार्यालयात मोठी स्पर्धा. जिंकणारे पाच जण मुंबईला खेळायला जाणार. फक्त एक अट होती. प्रत्येकाने आपापला कॉम्प्युटर घेऊन यायचा. चौघांच्या घरी होते. सोमाच्या घरी रंगीत टीव्हीसुद्धा भाऊबंदांच्या नंतर आला होता.

"सोम्या, मशीन नसलं तर दुसरा घ्यावा लागेल रे," आल्हाद म्हणाला. त्याला म्हणताना वाईट वाटत होतं, पण म्हणाला.

सोमाने अण्णांना विचारलं. अण्णा दोन दिवस मळ्याच्या बांधावरून फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी मळ्यात विहिरीपलीकडच्या तुकड्याकडे हात करून म्हणाले, "हा तुझा. झेंडू लाव. दसऱ्याला जे निघंल ते तुझं. वर एक रुपाया मागायचा नाय, अन् कमी पडलं तर रडायचं नाय."

झालं! पोरगा त्या तुकड्यावर असा राबला की आई, साळूबाई, म्हणायची, "येवढं जर आमच्या फुलांसाठी केलं असतं, तर आज बंगला असता."

त्या वर्षी अधिक महिना आला होता. आपल्याकडे अधिकात जावयाला धोंडे जेवायला बोलावतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात, हे सांगायला नको. सोमाची थोरली बहीण रूपाली नाशिक रोडला दिलेली. तिचे यजमान वाल्मीकदाजी एका दुकानात कॉम्प्युटर जोडायचं काम करायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं लोण्यासारखं. साळूबाईला तर या जावयाचं इतकं कौतुक, की तो शिंकला तरी ती देवाला हात जोडायची. जेवता जेवता कॉम्प्युटरचा विषय निघाला आणि दाजींनी हातातला धोंडा ताटात ठेवला.

"सोमाशेठ, आम्ही असताना दुकानं कशाला हिंडता? मी जोडून देतो."

"दाजी, मजुरी किती होईल?"

"मेव्हण्याकडून मजुरी? शेण पडेल माझ्या तोंडात!"

सगळे हसले. रूपालीने भावाकडे असं पाहिलं, की बघ, कसा नवरा आहे माझा.

तरी सोमा दुकानं हिंडलाच. कॅनडा कॉर्नरला जाऊन भाव विचारायचा आणि एखाद्या बाईने साडी न घेता सगळा गठ्ठा उलगडावा तसा सगळं बघून परत यायचा. तुकड्यातून निघतील तेवढ्या पैशात सगळंच चांगलं बसत नव्हतं. मग त्याने मनाशी पक्कं केलं: मॉनिटर जुना चालेल, डबा पत्र्याचा चालेल, स्पीकर नकोच, हेडफोन आल्हाद देणार. पण चित्र काढणारं कार्ड मात्र भारीच हवं. आल्हादने त्याला बजावून सांगितलं होतं, "खेळात धुराचा गोळा फुटला की हलकं कार्ड गुदमरतं. पडदा अडकतो. तेवढ्यात समोरचा तुला उडवतो." सोमाला झोपेत विचारलं असतं तरी त्याने त्या कार्डाचं नाव आणि नंबर सांगितला असता.

दसऱ्याला झेंडूला भाव लागला. तुकड्याने पोराला पाठ दाखवली नाही. बेतात बसेल एवढे पैसे हातात आले आणि सोमाने ते सगळेच्या सगळे दाजींच्या हातात ठेवले. ठेवता ठेवता एवढंच म्हणाला, "दाजी, सामानाचं बिल मिळालं तर..."

साळूबाईने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की पोरगा कळवळला. दाजी गेल्यावर ती कडाडली, "जावयाकडं बिल मागतो? लाज नाय वाटत? उद्या रूपालीला कुण्या तोंडानं माहेरी बोलवू?" अण्णाही म्हणाले, "जावयाचा हिशेब करत नसतात, सोमा." हे कोण म्हणालं, तर ज्यांनी जन्मभर पाटी पालथी केली ते! पण जावयाची पाटी कुणी पालथी करतं का?

भाऊबीजेला रिक्षातून कॉम्प्युटर आला. रूपालीने आधी भावाला ओवाळलं, मग हसत हसत कॉम्प्युटरलाही ओवाळलं. सोमाने तिला ओवाळणीत मोरपंखी साडी घातली. दाजींनी डब्याच्या मागच्या स्क्रूवर कागदाचं सील चिकटवलं, वर सही ठोकली. "हे फाटलं की वॉरंटी गेली. हात लावायचा नाही. काही झालं तर मला सांगायचं."

"मन लावून खेळ रे," रूपाली म्हणाली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

सोमा खेळायला बसला. धुराचा पहिला गोळा फुटला आणि पडदा अडखळला.

त्याने दाजींना फोन केला. दाजी म्हणाले, "नवीन मशीन आहे, हात बसायला वेळ लागतो." पुन्हा फोन केला, "दाजी, पडद्यावर कार्डाचं नाव येतं त्यात नंबर वेगळाच दिसतोय." दाजी हसले, "कार्ड चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर म्हणतात त्याला, तो जुना आहे म्हणून तसं दिसतं. आणीन मी सीडी. तू आधी हात सुधार." सीडी काही आली नाही. आणि सोमाने काय करावं? त्याने हात सुधारला! मनगट सुजेपर्यंत खेळला. आई हळद लावून द्यायची, हा पुन्हा बसायचा. कॅफेत मागे गर्दी जमवणारा पोरगा स्वतःच्या घरात स्वतःलाच कोसायला लागला. "आपल्यातच दम नाय," एकदा आल्हादला म्हणाला, "माझ्या जागी दुसरा घे." आल्हादने त्याला शिव्या घातल्या आणि ठेवून घेतलं.

स्पर्धेच्या दिवशी मंगल कार्यालयात अक्षता टाकायच्या जागी टेबलं मांडलेली. टीम दोन सामने जिंकली. तिसऱ्यात चौघे बाद झाले आणि सोमा एकटा उरला. समोरही एकच. सगळं कार्यालय श्वास रोखून बघतंय. समोरच्याने धूर टाकला. सोमाला माहीत होतं तो कुठून येणार. बोट तयार होतं. पण पडदा अडकला, आणि सुटला तेव्हा सोमा मेलेला होता.

बाकीच्या तिघांनी तोंड फिरवलं. आल्हाद मात्र उठून सोमाच्या कॉम्प्युटरमागे गेला. "उघडू दे मला हे."

सोमाने सीलवर हात ठेवला. "नको, वॉरंटी जाईल."

"अरे बाबा, हरलो आपण. आता कसली वॉरंटी?"

सील फाटलं, पत्रा निघाला. आल्हादने आत बोट घातलं, कार्डाच्या पंख्यावरून फिरवलं आणि बाहेर काढून दाखवलं. बोटावर राखाडी धुळीचा जाड थर. दिवाळीत आणलेल्या मशीनमध्ये वर्षानुवर्षांची धूळ! कार्ड त्याच कंपनीचं, पण कुठल्या तरी जुन्या मशीनमधून उपटून बसवलेलं.

आता बघा या पोराचा भोळेपणा. त्याला दाजींचा राग आलाच नाही. त्याला वाटलं, दुकानदाराने दाजींनाच गंडवलं. तसाच उठून नाशिक रोडला गेला, दाजींच्या बाजूने भांडायला. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवत गेला.

दारात लहान मुलांच्या चपलांचा ढीग. आत पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर आणि त्याच्यापुढे पोरांची रांग. दाजींनी घरीच खेळायला पोरं बसवायला सुरुवात केली होती, तासाप्रमाणे पैसे. दाजी घरात नव्हते. खेळ तोच होता. सोमाने एका पोराला म्हटलं, "जरा सरक रे," आणि बसला. धुराचा गोळा टाकला. एक, मग दुसरा, मग तिसरा. सगळा पडदा धुराने भरला, आणि चित्र पाण्यासारखं वाहत राहिलं. सोमाने पडद्यावर कार्डाचं नाव उघडलं. तेच नाव, तोच नंबर.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

मागे रूपाली उभी होती. अंगावर मोरपंखी साडी. "सोमा, कधी आलास? चहा टाकते."

"ताई, हे कधीपासून चालू हाय?"

"दिवाळीपासून."

"तुला माहीत होतं?"

ती पदराशी चाळा करत राहिली.

"भाऊबीजेला ओवाळलंस तेव्हा माहीत होतं?"

"मी म्हटलं होतं यांना," ती हळूच म्हणाली, "नका करू म्हणून. पण सोमा, तुझा काय तो खेळच ना? आमचा संसार आहे याच्यावर. हे म्हणाले, सोमाला काय कळतंय, तो फुलंच तोडणार शेवटी."

"मागितलं असतंस तर दिलं असतं गं मी."

"ते म्हणाले, मागितलं की मिंधं व्हावं लागतं."

केसाने गळा कापणं कशाला म्हणतात, ते सोमाला त्या खोलीत कळलं. नवरा परका, त्याचं एक वेळ सोडा. पण मन लावून खेळ म्हणत बोटं मोडणारी बहीण! मनगट सुजवून घेत होता तेव्हा ही रोज इथे बसून त्याच्याच कार्डावर पोरं खेळवत होती. तो चहा न घेता उठला.

घरी त्याने सगळं सांगितलं. अण्णा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ. गप बस."

"अण्णा, एक काळं फूल निघालं तर तुम्ही पाटी घरी आणता."

"फुलं विकायची असतात, सोमा. लेक दिलेली असते."

आल्हादच्या टीममध्ये दुसरा पोरगा आला. पुढच्या वर्षी ते पाचही जण मुंबईला जाऊन आले. सोमाने पुन्हा खेळाला हात लावला नाही. कॉम्प्युटरवर आईने भरतकामाचा रुमाल टाकला आणि त्याच्यावर गणपती बसवला. दरवर्षी भाऊबीज झाली, दरवर्षी सोमाने ओवाळणी घातली. रूपालीकडे मात्र त्याने वर मान करून पाहिलं नाही.

तिसऱ्या वर्षी पुन्हा अधिक महिना आला. पुन्हा दाजींना धोंडे जेवण. दाजी आता अंगाने भरलेले, पुढच्या खोलीत तीन कॉम्प्युटर झालेले. पाटाभोवती रांगोळी, उदबत्ती. साळूबाईने तांब्याच्या ताटात अनारसे रचले, वर दिवा ठेवला आणि म्हणाली, "सोमा, वाणाचं ताट तू आण. मेव्हण्यानं द्यावं, बरं दिसतं."

सोमाने ताट आणलं. दाजींसमोर बसला. दिवा अलगद उचलून बाजूला ठेवला.

"दाजी, आमच्या घरची एक पद्धत हाय. माल देण्याआधी तळ दाखवायचा." आणि ताट पालथं केलं.

अनारसे पाटापुढे पसरले, आणि त्यांच्यावर पडलं सोमाने तळाशी दडवलेलं ते जुनं कार्ड. पंख्यातली धूळ तशीच.

मग दाजी हसले, "अजून तेच धरून बसलास होय?" रूपाली मात्र ओक्साबोक्शी रडायला लागली. "सोमा, माझा सण नासवलास रे! या घरात माझा मान राहिला नाही!" साळूबाई जावयासमोर हात जोडून उभी, "पोरगं येडं हाय, मनावर घेऊ नका." तिने वाकून अनारसे वेचायला घेतले.

सोमाने अण्णांकडे पाहिलं. त्या घरात अण्णाच एक असे होते, ज्यांना तळ दाखवणं म्हणजे काय ते कळत होतं. अण्णा उठले. कार्ड उचललं, पंच्याने पुसलं, बंडीच्या खिशात टाकलं. आणि म्हणाले, "सोमा, जावयाची माफी माग."

सोमाने रिकामं ताट सरळ करून ठेवलं. मग वाकला, दाजींच्या पायाला हात लावला. "चुकलं दाजी. माफ करा." उभा राहिला आणि बापाला म्हणाला, "अण्णा, माफी मागितली मी. आता उद्यापासून बाजारात पाटी पालथी करू नका."

दुसऱ्या दिवशी मोतीरामअण्णांनी पोतं अंथरलं, पाटी त्याच्यावर ठेवली आणि तिच्या कडांवर हात धरून तसेच उभे राहिले. नेहमीचं गिऱ्हाईक थोडा वेळ थांबलं. मग त्याने पाटीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळाचं फूल काढून बघितलं.