डांबराखालचा कापूस

होडी उलटी घालायची, बूड खरवडायचं, फळ्यांच्या जोडातला जुना कापूस काढून नवा ठासायचा, वर गरम डांबर, आणि डांबर सुकलं की रंग. भीमेचं अडवलेलं पाणी वैशाखात मागं सरलं, की कर्जतकडच्या आमच्या काठावर घरोघरी हेच चालतं. मी लहानपणापासून हे काम करत आले आणि मला ते कधीच आवडलं नाही. नखातलं डांबर आठ-आठ दिवस निघत नाही. श्रीरामपूरच्या एका दवाखान्यात मी नर्स आहे, तिथं पेशंट माझ्या हातांकडं बघून कपाळाला आठ्या घालतात. तरी दर वर्षी रजा काढून जायचे, कारण दादा फोन करकरून जीव खायचा. म्हणायचा, नर्सबाईंचा हात लागल्याशिवाय आमची होडी बरी होत नाही.

एका जोडात कापसाचे दोन थर लागतात. पहिला पीळ पटाशीनं आत खोल ठोकायचा, दुसरा त्याच्यावर, तोंडाशी. दुसरा थर म्हणजे सगळं कंटाळ्याचं काम, कारण पहिल्यानं जोड भरल्यासारखा दिसतो आणि दुसरा काही केल्या बसत नाही. गेल्या वर्षी उजव्या अंगाचा मधला जोड घरच्यांनी माझ्या वाटणीला दिला होता. मला एसटी गाठायची होती, ऊन डोक्यावर होतं, आणि मी वैतागले होते. मी एकच थर ठोकला आणि वरून डांबर ओतलं. डांबर पडलं की आत एक आहे का दोन, कुणाच्या बापाला कळत नाही.

दादा सगळे जोड तपासत आला. डांबर निवत आलं की तो अंगठा पाण्यात बुडवून जोडावरून दाबत जायचा, ही त्याची सवय. माझ्या जोडापाशी वाकून त्यानं विचारलं, "दोन थर घातलेस नव्हं?"

मी पिशवी आवरत हो म्हणाले. त्याच्याकडं बघितलंही नाही. तो खूश झाला, माझ्या जोडावरूनही त्यानं अंगठा फिरवला आणि मला फाट्यावर सोडायला गाडी काढली.

आश्विनात तो गेला. दुपारी जाळी काढायला निघाला तेव्हा वारा चांगला होता, म्हणून शीड लावलं होतं. आमचं शीड म्हणजे कुणाच्या तरी वाढदिवसाचे दोन फ्लेक्स शिवून केलेलं. वारा भरला की जोडलेले हात आणि अर्धी मिशी फुगायची आणि काठावरच्या बायका हसायच्या. पुढं वारा वाढला. दुसऱ्या दिवशी होडी वेड्या बाभळीत अडकलेली सापडली, काठोकाठ पाण्यानं भरलेली. शीड धड होतं. दादा तिसऱ्या दिवशी सापडला, पायात जाळं गुंतलेला. सगळ्यांनी वाऱ्याला दोष दिला, आणि वारा होताच. पण वाऱ्यानं होडी उलटते. ही सरळच होती, नुसती भरलेली होती. लाटांनीही भरली असेल. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं याला गणती नाही.

ते पाणी वरून आलं का खालून, हे कुणी विचारलं नाही. लोकांनी होडी ओढून काठावर उलटी घातली आणि ती तशीच राहिली.

दवाखान्यात माझं निम्मं काम कापसाचं. जखमेवर कापूस ठेवला की मागून दादा विचारायचा, दोन थर घातलेस नव्हं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, ठेवणाऱ्यांना मी तोंडावर हसते. पण त्या आवाजानं मी मागं वळून बघायचे, आणि मग पेशंटपण वळून बघायचा. पट्टीच्या घड्या मी उलगडून पुन्हा मोजू लागले. वरिष्ठ सिस्टरनी दोनदा हटकलं. कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय, की मी आळस केला आणि माझा भाऊ बुडाला असेल, नसेल?

मग या वैशाखात वहिनीचा फोन आला. ती होडी घेऊन स्वतः पाण्यात जाणार होती. वल्हं तिला माहेरापासून येतं, जाळीही येतात. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधी नाही-नाही म्हटलं आणि मग विरोध सोडला. बूड खरवडायला या, एवढंच ती म्हणाली. मी चार दिवसांची रजा टाकली. मला माझा जोड बघायचा होता. कापूस जागेवर घट्ट असला तर पाणी तिथून आलं नाही. सुटला असला तर आलं. इतकं सोपं होतं ते, आणि सात महिने मी त्याच्यापासून दूर पळत होते.

आम्ही नाकाडापासून, होडीच्या पुढच्या टोकापासून, सुरुवात केली, वहिनी डाव्या अंगाला, मी उजव्या. आबा मागच्या बाजूला पत्र्याच्या डब्यात डांबर वितळवत होते. वरचं वाळलेलं शेवाळ निघत होतं, खाली जुना निळा रंग पापुद्र्यांनी, त्याच्याखाली डांबर. आणि डांबरावर जागोजाग दादाचा अंगठा. रुंद, एका बाजूला कललेला. मला हे आठवलंच नव्हतं. प्रत्येक ठसा खरवडायच्या पत्रीनं उचलायचा होता, कारण जुनं डांबर तडकलेलं असतं, ते ठेवून चालत नाही. वहिनीला ते दिसत होते का, मी विचारलं नाही. तिचा हात मात्र एकदाही थांबला नाही. माझा थांबत होता. मी तिच्यावर मनातून चिडले, आणि मग त्या चिडण्याची लाज वाटली.

दुपारी मी मधल्या जोडापाशी पोचले. तिथं काहीच नव्हतं.

आजूबाजूचं डांबर तसंच होतं, रंगही तसाच होता. फक्त माझा जोड, या टोकापासून त्या टोकापर्यंत, साफ खरवडलेला. आत नुसतं लाकूड. कापसाचा तंतू नाही. कडा अजून उजळ होत्या, म्हणजे काम दोन-चार दिवसांपूर्वीचं. मी उठून आबांकडं गेले आणि हा जोड कुणी काढला म्हणून विचारलं. ते काडीनं डांबर ढवळत राहिले. म्हणाले, बसल्या बसल्या हाताला चाळा म्हणून त्यांनीच काढला. मी म्हटलं, मग त्यातला कापूस कुठाय. तो चुलीत गेला, म्हणाले.

वहिनीनं पलीकडं पत्री खाली ठेवली. तो आवाज ऐकून आबांनी मान वर केली आणि माझ्याकडं न बघता, तिच्याकडं बघून सांगितलं, "नीट हुता जोड. दोन थर हुते आत, घट्ट बसलेले."

थरांचं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. थर एकच होता, हे जगात फक्त मला माहीत होतं. म्हणजे आता त्यांनाही. कापूस घट्ट होता का सुटलेला, हे त्यांनी बघितलं होतं आणि चुलीत घातलं होतं, आणि ते आता मला कधीच कळणार नव्हतं. साठीतला तो माणूस एकट्यानं उन्हात बसून, मुलाची होडी उकरून, मुलीची चूक जाळत होता, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. मला त्यांचा राग आला. त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. दोन्हीतलं काही केलं नाही.

वहिनी होडीला वळसा घालून माझ्या बाजूला आली. जोडावर बोट फिरवून बघितलं. म्हणाली, "वन्सं, ह्यो तुमीच भरा. माझ्या देखत."

मी बसले. कापूस पिळला, पटाशीनं आत ठोकला, टोकापर्यंत नेला. जोड भरला. भरल्यासारखा दिसायला लागला. तिनं दुसरा पीळ माझ्यासमोर धरला होता आणि माझा हात पुढं जाईना. आबा मागून काहीतरी बोलले, डांबर निवतंय, आटपा, असं काहीतरी. त्यांना मी बोलू नये असं वाटत होतं, हे मला चांगलं कळत होतं.

"वैनी," मी म्हणाले, "गेल्या वर्षी मी इथंच थांबले होते. दुसरा घातलाच नाही. दादानं विचारलं तेव्हा घातला म्हणाले."

ती रडेल, मला हाणेल, काय काय वाटलं होतं. तिनं माझ्या हातातून पटाशी आणि हातोडी काढून घेतली आणि दुसरा थर स्वतः ठोकला. एकेका बोटाच्या अंतरावर तीन-तीन घाव. आबा डांबराचा डबा घेऊन उभे होते, त्यांच्या हाताला चटका बसत असणार, पण तिचं होईपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही. ती शेवटपर्यंत पोचली आणि पटाशी तिनं मला परत दिली नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही तिघांनी मिळून रंग दिला. निळाच, दोन हात. जेवायला एकत्र बसलो, मीठ-पाणी तेवढं मागितलं. निघताना आबा फाट्यापर्यंत चालत आले. सांगायला नको होतंस, म्हणाले, आणि एसटी येईपर्यंत रस्त्याकडं बघत उभे राहिले.

आता वहिनी रोज होडी पाण्यात घालते. संध्याकाळी काठाला लागली की मला फोन करते. कशा आहात नाही, जेवलात का नाही. "जोड कोरडा हाय," म्हणते आणि ठेवून देते. ती हे मला शिक्षा म्हणून करते का माया म्हणून, मला सांगता येत नाही. एखाद्या दिवशी रेंज नसते, फोन यायला उशीर होतो, आणि तोवर मी वॉर्डाच्या खिडकीत मोबाईल हातात धरून उभी असते.