एकही सामना न जिंकलेले सर

अकरा वर्षांत एकही सामना न जिंकता ज्याचा परदेशात जाहीर सत्कार झाला, असा फुटबॉलचा प्रशिक्षक आमच्या सरांखेरीज जगात दुसरा नसेल. असलाच, तर त्याच्या संघाने निदान गोल तरी केले असतील. आम्हीही एक केला होता. तो आमच्याच जाळ्यात गेला, पण सरांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या, कारण चेंडू अगदी सरळ रेषेत गेला होता.

सर मुळात फुटबॉलचे नव्हतेच. पुण्यातल्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात ते वर्कशॉपमध्ये फिटिंग शिकवत. म्हणजे लोखंडाचा तुकडा कानशीने घासून घासून सपाट कसा करावा, हे. त्यांच्याकडे फुटबॉल आला तो प्राचार्यांच्या तर्कशास्त्रामुळे. फुटबॉलला शिट्टी लागते, आणि कॉलेजात शिट्टी होती फक्त सरांकडे. मधल्या सुट्टीत मशिनं थांबवायला ते ती वाजवत. सरांनी नेमणुकीचं पत्र दोनदा वाचलं, "बरं" म्हणाले, आणि वर्कशॉपमध्ये जे शिकवत तेच मैदानावर शिकवू लागले. घासलेला तुकडा सपाट झाला की नाही हे पाहायला त्याच्यावर काटकोनी गुण्या टेकवून तो उजेडासमोर धरतात. मधून उजेडाची फट दिसली की तुकडा नापास. सर मैदानाच्या कडेला उकिडवे बसत, एक डोळा मिटत आणि आमच्या बचावफळीकडे बघून ओरडत, "उजेड दिसतोय रे! उजेड दिसतोय!" समोरच्या संघाला वाटे, हा काहीतरी गूढ डाव आहे. पहिली पाच मिनिटं ते बिचकून खेळत. मग त्यांनाही उजेड दिसे.

घाईने काम बिघडतं, यावर सरांचा गाढ विश्वास. एकदा आमचा एक पोरगा चेंडू घेऊन थेट गोलसमोर पोचला. पुढे फक्त गोलकीपर, आणि तोही घसरून पडलेला. सर जिवाच्या आकांताने ओरडले, "घाई नको! आधी माप घे!" पोरगा आज्ञाधारक. त्याने थांबून माप घेतलं. तेवढ्यात गोलकीपर उठला, कपडे झटकले आणि येऊन चेंडू घेऊन गेला. त्या दिवशी आम्ही सहा गोलांनी हरलो. सर समोरच्या प्रशिक्षकांकडे गेले आणि शांतपणे म्हणाले, "पुन्हा कधी करायचं?" वर्कशॉपमध्ये नापास तुकडा पुन्हा करून आणायचा असतो. त्या गृहस्थांना वाटलं, हे भांडायला आलेत.

हे सगळं मी राखीव गोलकीपर म्हणून बाकावर बसून पाहिलं आहे, म्हणून माझ्या साक्षीला थोडी किंमत आहे. कारण पुढे जे घडलं ते इतिहासाला धरून नव्हतं. आमच्या त्या संघातले आम्ही पाचसहा जण नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये आलो. बहुतेक आइंडहोव्हनला चिप बनवायच्या मशिनांवर, आणि आमचा कॅप्टन रॉटरडॅमला बंदराच्या कामात. दर दिवाळीच्या फराळाला सरांची आठवण निघे आणि दर वर्षी सर थोडे उंच होत. चकलीबरोबर ते 'शिस्तीचे भोक्ते' होते, करंजीपर्यंत 'द्रष्टे' झाले. "आज मी मायक्रॉनच्याही खालचं बघतो ना, ती नजर सरांची," एकजण सद्गदित होऊन म्हणाला. कॉलेजात हाच मनुष्य समोरून येणारा चेंडू बघायचा नाही.

मग एका सप्टेंबरात सर स्वतःच आले. आइंडहोव्हनमधल्या मुलीकडे, तीन महिन्यांच्या व्हिसावर. कॅप्टनने ताबडतोब सत्काराचा घाट घातला. वस्तीतलं सभागृह ठरलं, शाल कॅप्टनच्या बायकोच्या कपाटातून निघाली, नारळ तुर्की दुकानात मिळाला. मानपत्र लिहायचं काम माझ्यावर आलं, आणि मग कॅप्टनचा फोन.

"अरे, कारकिर्दीचा परिच्छेद अगदीच रिकामा दिसतोय. एखादी तरी मॅच जिंकलो असू ना आपण?"

"नाही."

"बरोबरी?"

"पावसामुळे रद्द झालेली एक आहे. सुरूच झाली नव्हती."

"म्हणजे त्यात अपराजित राहिलो! लिही की!"

मी सरांना भेटायला गेलो. एवढ्या दिवसांत त्यांनी मुलीच्या घरातली सगळी कुरकुरणारी दारं घासून गप्प केली होती. चहा घेताना ते हळूच म्हणाले, "तो सत्कार रद्द होतो का बघ रे."

"का हो सर?"

त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. आत त्यांची बारा वर्षांची नात बुटांचा चिखल काढत होती. "ही इथल्या क्लबात खेळते. आजोबा कोच होते, एवढंच तिला माहीत आहे. मला घ्यायला विमानतळावर आली, तेव्हा तिनं मैत्रिणीला फोनवर तसंच सांगितलं. पुढचं अजून विचारलेलं नाही तिनं. तिथं तुम्ही भाषणं ठोकणार, आणि ती विचारणार."

मी कॅप्टनला सांगून पाहिलं. पण हॉल बुक झाला होता.

सत्काराला चाळीसेक माणसं जमली. कॅप्टन 'व्हिजन' आणि 'प्रोसेस' यांवर पंचवीस मिनिटं बोलला. 'अपराजित' हा शब्द मी मानपत्रातून गाळला होता, तो त्याने तोंडी घातला. शालीत गुरफटलेले सर खुर्चीच्या कडेवर बसून सारखे पहिल्या रांगेकडे बघत होते. आणि पहिल्या रांगेतून, इथल्या शाळेच्या पद्धतीने, एक बोट वर आलं. नातीला मराठी समजतं, पण बोलते ती इंग्रजीत. आजोबांनी किती मॅच जिंकल्या, एवढंच तिला हवं होतं.

कॅप्टनने घसा साफ केला. "तसं पाहिलं तर बेटा, जिंकणं म्हणजे नक्की काय..."

"एकही नाही," सर उभे राहून म्हणाले. शाल खांद्यावरून घसरली. "एकपण नाही, बाळा."

कॅप्टनने टेबलावरचा नारळ उगीचच सरळ करून ठेवला. नात डचमध्ये काहीतरी पुटपुटली. सरांनी मुलीकडे पाहिलं.

"ती म्हणते," मुलगी हसू दाबत म्हणाली, "आमची टीमपण नाही जिंकलेली अजून. बाबा, शनिवारी बघायला या म्हणते."

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी सरांना मीच घेऊन गेलो. वारा असा की कडेला उभ्या आईबापांच्या कपातली कॉफी आडवी होत होती. मी आरोळीची वाट बघत होतो. सर पूर्ण सामनाभर एक अक्षर बोलले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, "चांगलं चाललंय. मी कशाला हात लावू?" संघ चार गोलांनी हरला आणि मुली हसत फ्राइज खायला पळाल्या.

नात मात्र सरांना दंडाला धरून आपल्या ट्रेनरकडे घेऊन गेली. तो घरं रंगवणारा एक उंच गृहस्थ होता. "हे माझे आजोबा. हेही ट्रेनर आहेत," तिने सांगितलं. त्याने सरांचा हात घट्ट दाबला आणि विचारलं, पुढच्या शनिवारी रेषेवर झेंडा धरायला पालक कमी आहेत, तुम्ही धराल का? मी भाषांतर केलं. सरांनी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि माझ्याकडे वळले.

"माझं विमान गुरुवारी आहे ना रे?"

"हो सर."

"पुढं ढकलता येतं का?"

"विमान ढकलता येईल, सर. व्हिसा नाही."

"बरं," ते म्हणाले. नेमणुकीच्या पत्राला म्हणाले होते तसं नव्हे, खूप हळू.

पुढच्या शनिवारी झेंडा मी धरला. माझं तिथे कुणीच खेळत नव्हतं. सामना संपताच मी पुण्याला फोन लावला. निकाल सांगायला तोंड उघडलं, तर सरांनी तो विचारलाच नाही.

"थंडी होती का रे?" त्यांनी विचारलं.

"होती, सर."

"पोरीनं टोपी घातली होती?"

"नव्हती घातली."

"ऐकायची नाही ती," ते म्हणाले. फोन ठेवायचं मात्र आम्हा दोघांनाही सुचलं नाही.