आचरा रस्त्यावरच्या बिल्डिंगचं पार्किंग

आर्किटेक्टच्या ऑफिसात प्लॅनच्या गुंडाळ्या साठतात असं लोकांना वाटतं. आमच्या मालवणच्या ऑफिसात प्लॅन कधीच कॉम्प्युटरमध्ये गेले. साठतात ते किस्से. चार मंडळी चहाला जमली की कुणीतरी म्हणतं, "ता आचरा रस्त्यावरच्या बिल्डिंगचा सांग गो," आणि मी सुरू होते.

ऑफिसात आम्ही तिघंच. सर, म्हणजे आमचे आर्किटेक्ट. मी कट्टा गावची, ड्रॉइंग करते. आणि रफीक, आचऱ्याचा, साइटवरचं सगळं तो बघतो. समुद्राकडे जाणाऱ्या एका पाणंदीच्या तोंडावर त्या बिल्डिंगचं काम आमच्याकडे आलं. फ्लॅट पटापट गेले. डोकेदुखी झाली ती पार्किंगची. मी सांगते ते सगळं पार्किंगचंच आहे.

*

लिफ्टच्या समोरची जागा सगळ्यांना हवी होती. सावली, दोन खांबांच्या मध्ये प्रशस्त, गाडी एका झटक्यात आत. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा ती परबांना मिळाली. परब मुंबईचे, गणपतीला आणि मे महिन्यात येणारे. बाकीचे महिनाभर त्यांच्याशी धड बोलत नव्हते.

मे महिन्यात परब आले, गाडी लावली, जेवून झोपले. संध्याकाळी बाहेर पडायला खाली आले तर गाडीच्या सगळ्या काचा आतून धुरकटलेल्या. पावसाळ्यात एसटीच्या काचांवर वाफ धरते ना, तशा. बाहेर अंगाची लाही होत होती. मागच्या काचेवर एक गोल पुसलेला होता. आत बसलेल्या माणसाने तळहाताने पुसून बाहेर बघावं, तसा. गाडी लॉक होती आणि किल्ली परबांच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी परब ऑफिसात आले. काय झालं ते त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, आणि जागा बदलून मागितली. मी म्हटलं, बाकी सगळ्या जागा गेल्यात, एक उरलीय ती पार मागे, उघड्यावर.

"उन्हातली चालेल," परब म्हणाले. "उन्हातलीच द्या."

*

गेटमधून बाहेर पडलं की चिऱ्याच्या कुंपणाचं एक वळण लागतं. पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून आम्ही तिथे फुगीर आरसा बसवला. आठवड्याभरात तक्रार आली. आरशात एक म्हातारी दिसते, डोक्यावर गवताचा भारा घेऊन वळणावर उभी. माणूस ब्रेक मारतो, हळूच वळण घेतो, तर तिथे कुणी नाही.

रफीक म्हणाला, माडाची झावळी दिसत असेल. त्याने झावळ्या उतरवून घेतल्या. तक्रार तीच. त्याने आरसा थोडा फिरवला. तरी तीच. शेवटी वैतागून त्याने आरसाच काढला आणि ऑफिसात आणून भिंतीला टेकवून ठेवला.

चार दिवसांनी दुसऱ्या मजल्यावरच्या नाईक मॅडम आल्या. शाळेत शिकवतात, रोज स्कूटीने जातात. आरसा परत लावा म्हणाल्या. मी विचारलं, तक्रार तर तुमचीच होती ना?

त्यांनी हेल्मेट मांडीवर घेतलं आणि त्याचा पट्टा चाळवत बसल्या. मग म्हणाल्या, "आरशात निदान ती आधी दिसायची."

आरसा त्याच दिवशी परत लागला.

*

गेटवर आडवा दांडा बसवला, आपोआप वर जाणारा. पर्यटकांच्या गाड्या सरळ आत घुसायच्या, त्यांना अडवायला. रहिवाशांच्या गाड्यांना स्टिकर होते. स्टिकर दिसला की दांडा वर, गाडी गेली की खाली.

तो दांडा रोज भर दुपारी, बिल्डिंग जेवायला बसली की, एकदा आपोआप वर जायला लागला. समोर गाडी नाही, कुत्रं नाही, काही नाही. कोल्हापूरहून टेक्निशियन बोलावला. हुशार पोरगा. त्याने सेन्सर बदलला, वायर बदलली, कंट्रोलचा सगळा डबाच बदलला. दुपारी दांडा वर गेला.

मग तो कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग घेऊन बसला. आम्ही मागे उभे. आधी त्याने गाडी जातानाचं बघितलं, मग दुपारचं. पुन्हा गाडीचं, पुन्हा दुपारचं. मग खुर्ची मागे सारून म्हणाला, "मॅडम, गाडीसाठी दांडा एवढा वेळ वर राहत नाही. हे कोणीतरी चालत जातंय. सावकाश."

बिल त्याने पाठवलंच नाही, फोनही उचलत नाही. दांड्याच्या खांबापाशी कुणीतरी राखणदाराला ठेवतात तसे नारळ आणि विडी ठेवायला लागलंय. त्या वेळेला कुणी गाडी घेऊन आलंच तर दांडा वर जाऊन परत खाली येईपर्यंत बाहेर थांबतं. असं करा म्हणून कुणी कुणाला सांगितलेलं नाही.

*

हा किस्सा सर समोर असले तर मी सांगत नाही.

पाणंदीच्या आतल्या, गावाकडच्या टोकाला भिकूतात्यांचं घर. पाणंद गावाची, समुद्राकडच्या स्मशानात जायची तीच वाट. बिल्डिंगचं काम सुरू व्हायच्या आधी ग्रामपंचायतीत बैठक झाली. लोकांनी पाण्याचं विचारलं, गटाराचं विचारलं. भिकूतात्या शेवटी उठले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की फ्लॅटवाल्यांचे पाहुणे येणार, गाड्या पाणंदीत लावणार. "बिल्डिंग बांधा," ते सरांना म्हणाले, "पण माझी तिरडी खंयसून जातली, तां आधी सांगा." लोक हसले. सरही हसले, आणि पाहुण्यांच्या गाड्या आतच लागतील असा शब्द देऊन बसले.

भिकूतात्या गेले ते नाताळच्या सुट्टीत. मालवणात पाय ठेवायला जागा नव्हती. पाणंदीत दोन्ही बाजूंनी फ्लॅटवाल्यांच्या पाहुण्यांच्या गाड्या, आणि गाड्यांचे मालक बोटीतून किल्ला बघायला गेलेले. खांदेकरी तिरडी घेऊन निघाले आणि अडकले. मागे सरायला नाही, पुढे जायला नाही. सर आणि मी त्या दिवशी कामासाठी तिथेच होतो. सरांनी धावत जाऊन बिल्डिंगचं मागचं फाटक उघडलं आणि तिरडी पार्किंगमधून घ्या म्हणाले.

तिरडी आत आली. पहिल्या गाडीच्या बाजूला आली आणि गाडीचा अलार्म वाजायला लागला. कुणी हात लावला नव्हता. तिरडी पुढे सरकली, तो थांबला आणि दुसरीचा सुरू झाला. मग तिसरीचा. लोक गॅलरीत आले, वरून रिमोट दाबत राहिले. रांगेतली एकेक गाडी ओरडत होती आणि तिरडी पुढे गेली की गप्प होत होती. खांदेकऱ्यांनी मान खाली घातली होती. भिकूतात्यांचा मुलगा हातातलं मडकं घट्ट धरून चालला होता.

शेवटची गाडी सरांची. तिरडी गेटबाहेर पडली, वळणाआड गेली, तरी तिचा अलार्म थांबला नाही. सर किल्ली दाबत उभे होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी कुंपणाची भिंत आत घ्यायचं ड्रॉइंग स्वतः काढलं. पाणंद रुंद झाली. सर आता त्या बिल्डिंगमध्ये गाडी नेत नाहीत. एसटी स्टँडजवळ लावतात आणि उन्हातान्हात चालत जातात.

*

बिल्डिंगला बेसमेंट होतं. समुद्र इतका जवळ असताना ते खणू नका असं सर सांगत होते, पण बिल्डरला गाड्या जास्त बसवायच्या होत्या. सुरुवातीला रफीक स्वतः खाली उभा राहून सगळ्यांना गाड्या लावून द्यायचा. त्याचा आवाज खणखणीत. गाडी मागे घेताना "येवंदे, येवंदे" करायचा, आणि एक गाडी लागली की वर उभ्या असलेल्यांना कळावं म्हणून किती जागा उरल्या ते "चार रवल्यो!" असं ओरडून सांगायचा.

पहिल्याच पावसाळ्यात भरतीचं पाणी जमिनीतून वर आलं. खारं पाणी. पंप लावले, भिंतींना केमिकल मारलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी बेसमेंट चिऱ्याचे तुकडे आणि मुरूम टाकून पूर्ण भरलं, उतारावर काँक्रीट ओतलं. भरणी मी रोज जाऊन बघितली आहे. आत हात घालायला पोकळी नाही.

तळमजल्यावर सावंतकाकी एकट्या राहतात. त्यांचा फोन आला, खाली गाड्या लावतात त्याचा आवाज येतो, झोप लागत नाही. मी समजावलं की खाली बेसमेंट नाहीच आता. काकी म्हणाल्या, तू येऊन तर बघ.

मी रफीकला घेऊन दुपारी गेले. काकींनी चहा टाकला, खाजं काढलं. आम्ही पंखा बंद करून बसलो. काकी आपल्या मुलीचं सांगत होत्या, मध्येच थांबल्या आणि बोट खाली दाखवलं.

आधी रिव्हर्सची पिपाणी. बारीक, फरशीच्या खालून. मग माणसाचा आवाज, "येवंदे... येवंदे... जरा उजवीक... बस." गाडीचं दार लागलं.

मी रफीककडे बघितलं. त्याने हातातला कप खाली ठेवला होता आणि दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसला होता, थंडी वाजल्यासारखा.

"मॅडम," तो म्हणाला, "ह्यो आवाज माझो आसा."

मला ते आधीच कळलं होतं. त्याच्याबरोबर इतकी वर्षं काम केलंय मी. तेवढ्यात खालून तो आवाज पुन्हा आला, मोठ्याने, वरच्यांना ऐकू जाईल असा.

"एक रवली!"

काकींनी खाज्याची बशी रफीकच्या पुढे सरकवली.

"काल दोन रवलेल्यो," त्या म्हणाल्या.